बाजारही शिकावा लागतो

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून आठ-पंधरा दिवस एकच चर्चा असते. आता पुढे काय? सायन्सच्या मुलांच्या घरी सीईटीचे मार्क आणि प्रवेशाच्या फेऱ्या यांची बोलणी चालतात. आर्ट्सची मुले पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळू लागतात. कॉमर्सच्या मुलाचे काय, असे विचारले तर बाप सांगतो, "बी.कॉम.ला टाकला." पोते गाडीत टाकावे तसा टाकला! बी.कॉम.ला स्पेशल विषय कोणता घेणार, तोच का घेणार, त्यातून पुढे कोणती वाट फुटते, याची चौकशी घरात होत नाही. कारण ती करायची कोणाकडे, हेच माहीत नसते.

घोटीत ही चौकशी करायला मुले माझ्याकडे येतात. मी कारकून माणूस, पुणे विद्यापीठाचा बी.कॉम. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, दाखल्यांची कागदपत्रे लावून देणे हे काम वर्षानुवर्षे चालू आहे. अलीकडे बरीच मुले विचारतात, "काका, मार्केटिंग घेऊ का?" आणि सोबत आलेला बाप माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणतो, "शिकूनसवरून दारोदार साबणच विकायचा, तर कॉलेज कशाला पाहिजे?"

बापाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने पोती उचलून, कारखान्यात ठेकेदाराकडे राबून मुलाला बारावीपर्यंत आणले, त्याला हे विचारण्याचा पुरता अधिकार आहे. म्हणून आजच्या लेखात त्याच प्रश्नाचे सविस्तर उत्तर देऊ.

भातापासून तांदळापर्यंत

उदाहरण घोटीचेच घेऊ. इगतपुरी तालुका पावसाचा आणि भाताचा. शेतकरी भात बाजारात आणतो, ते गिरणीत भरडले जाते. शंभर किलो भात भरडले तर साधारण पासष्ट-सदुसष्ट किलो तांदूळ पडतो. बाकी तूस आणि कोंडा. तांदळातही अख्खा दाणा वेगळा, कणी वेगळी. मग तो तांदूळ निवडला जातो, त्याची प्रत ठरते, पिशवीत भरला जातो, पिशवीवर नाव छापले जाते, गाडीत चढतो आणि नाशिक-मुंबईच्या दुकानात जाऊन बसतो. शेतातला भाव आणि दुकानातला भाव यांत किती अंतर असते ते बाजारहाट करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

हे अंतर कशाने पडते? सगळेच काही लबाडीने पडत नाही. भरडाई आहे, साठवण आहे, गाडीभाडे आहे, उधारी आहे, दुकानदाराचे कमिशन आहे, आणि "हा तांदूळ चांगला" असा गिऱ्हाइकाच्या मनात बसवलेला विश्वास आहे. या सगळ्याचा मिळून जो अभ्यास, त्याला मार्केटिंग म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला 'विपणन' हा शब्द आहे. दारोदार जाऊन साबण विकणे हा त्यातला एक लहानसा भाग झाला.

आता आपली माणसे या साखळीत कुठे आहेत ते पाहा. लावणीला आहेत, कापणीला आहेत, पोती उचलायला आहेत, गिरणीत धूळ खायला आहेत, गाडी भरायला आहेत. पण भाव कुठे ठरतो, पिशवीवर नाव कोणाचे छापायचे, माल कोणत्या शहरात धाडायचा, हे जिथे ठरते त्या खुर्चीवर आपला माणूस क्वचित सापडतो. मुलाने मार्केटिंग शिकायचे ते त्या खुर्चीपर्यंत पोचण्यासाठी.

चार गोष्टींचा अभ्यास

या विषयाची सुरुवात बहुतेक ठिकाणी चार गोष्टींनी होते. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली आपल्या पुस्तकात ही चार कलमी मांडणी केली. पुढे फिलिप कोटलर यांच्या १९६७ च्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी अशी ती चार कलमे. परीक्षेत 'विपणन मिश्र' म्हणून प्रश्न येतो तो हाच. मुले पाठ करतात आणि विसरतात. आपल्या तांदळाला लावून पाहिले तर विसरणार नाहीत.

पहिली वस्तू. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाले आणि १९८७ साली शेतकऱ्यांपर्यंत आले. त्याला वास आहे, भात मऊ आणि चिकट होतो. घरी वरणभात खाणाऱ्याला तो आवडेल. बिर्याणी करणाऱ्या हॉटेलवाल्याला त्याचा उपयोग नाही, त्याला दाणा सुटा लागतो. म्हणजे चांगली वस्तू नुसती चांगली असून भागत नाही, ती कोणासाठी चांगली आहे ते ओळखावे लागते. पुस्तकात याला 'बाजारपेठ विभागीकरण' असे जड नाव आहे.

दुसरी किंमत. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला. पण पिशवीतल्या तांदळाची किंमत हमीभावाने ठरत नाही. ती खर्च, गिऱ्हाइकाची ऐपत आणि शेजारच्या दुकानातला भाव पाहून ठरते. गुजरातच्या करसनभाई पटेलांनी १९६९ साली निरमा पावडर विकायला काढली, तेव्हा बड्या कंपन्यांची पावडर कामकरी घरांना परवडत नव्हती. त्यांनी भाव त्या घरांच्या खिशाला बघून ठरवला आणि बड्या कंपन्यांना घाम फोडला. गरिबाला काय परवडते हे ज्याला आतून माहीत आहे, त्याला किमतीचा धडा लवकर समजतो. आपल्या मुलांना ते जन्मापासून माहीत आहे.

तिसरे ठिकाण, म्हणजे माल पोचवण्याची वाट. घोटीला रेल्वे आहे, मुंबई-आग्रा रस्ता आहे, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही आपल्या तालुक्यातून पुरता वाहतो आहे. पण रस्ता झाला म्हणून माल आपोआप विकला जात नाही. रस्त्याच्या दोन्ही टोकांना कोण काय मागते याची माहिती ज्याच्याकडे आहे, त्याचाच माल जातो. बाकीच्यांच्या दारावरून नुसत्या गाड्या जातात.

चौथी प्रसिद्धी. जाहिरात म्हणजे वाटेल ते बोलणे अशी समजूत आहे. ती खरी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीबद्दल दंडाची तरतूद केली आहे. पाकीटबंद मालावर वजन, कमाल किंमत, पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता छापावेच लागतात. मार्केटिंग शिकणाऱ्या मुलाला हे कायदे अभ्यासावे लागतात. विकणारा म्हणून ते कामाला येतात आणि घरी आईबापांची फसवणूक होऊ नये म्हणूनही येतात.

विद्यापीठ मोठे आहे, पण ओढून नेणार कोणी नाही

आपला नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतो. १९४९ साली हे विद्यापीठ सुरू झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. २०१४ साली त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत.

एवढ्या मोठ्या सरकारी विद्यापीठाचा गरीब घराला मोठा फायदा आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकलेल्या मुलाच्या आणि पुण्यातल्या नावाजलेल्या महाविद्यालयात शिकलेल्या मुलाच्या पदवीवर विद्यापीठाचे नाव एकच असते. अनुदानित बी.कॉम.ची फी खासगी संस्थांच्या मानाने पुष्कळ कमी. बी.कॉम.ला मराठी माध्यमाची सोय आहे. घरी राहून, एस.टी.ने जाऊन-येऊन शिकता येते. होस्टेल आणि मेसचा खर्च वाचतो.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्गात मुले पुष्कळ. शिकवणारे अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरचे, त्यांचेच पोट हातावर. हजेरीची फार कडक विचारपूस नाही. मुलगा वर्षभर चौकात बसला आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाईड पाठ केले, तरी तो पास होऊ शकतो. तीन वर्षांनी त्याच्या हातात 'मार्केटिंग स्पेशल' लिहिलेली पदवी येते, आणि मुलाखतीत "हे पेन मला विकून दाखवा" असे म्हटले की तोंडातून शब्द फुटत नाही. दोष पदवीचा नाही. मोठ्या विद्यापीठाने दार उघडून दिलेले असते. आत चालत जायचे काम ज्याचे त्याने करायचे असते.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. आता 'मेजर' म्हणजे मुख्य विषय आणि 'मायनर' म्हणजे जोडविषय अशी रचना आहे. तीन वर्षांनी पदवी घेता येते, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. याच रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण यांनाही क्रेडिट म्हणजे गुण-भार ठेवलेला आहे. मुलांनो, येथेच तुमची खरी परीक्षा आहे. हा प्रोजेक्ट दुसऱ्याचा उतरवून काढू नका, झेरॉक्सच्या दुकानातून विकत आणू नका. घोटीच्या बाजारात जा. तांदळाच्या पाच दुकानांत पाच प्रकारचे गिऱ्हाईक काय विचारते ते लिहून काढा. किराणा दुकानात एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुड्या का खपतात आणि मोठी बाटली का पडून राहते, ते दुकानदाराला विचारा. शंभर घरी जाऊन प्रश्नावली भरून घ्या. हे काम ज्याने मनापासून केले, त्याला मुलाखतीत बोलायला भरपूर असेल.

इंग्रजीबद्दलही स्पष्ट बोलू. पेपर मराठीत लिहिता येईल, पण कंपनीची पत्रे, ईमेल, मालाची माहिती बहुधा इंग्रजीतून येते. म्हणून पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास इंग्रजी वाचा आणि मोठ्याने बोला. विहारात चार मुले-मुली जमवून बोलण्याचा सराव करा. हसणारे हसतील. मराठीचीही लाज धरू नका. खेड्यातल्या गिऱ्हाइकाशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस कंपन्यांनाही हवा असतो.

दारे आणखीही आहेत

बी.कॉम. हे एक दार झाले. प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयात मार्केटिंग हा विषय मुख्य म्हणून शिकवतात का, त्याला कायम शिक्षक आहे का, हे समक्ष जाऊन विचारा. सगळीकडे सगळे विषय नसतात.

दुसरे दार बी.बी.ए.चे. त्याला २०२४-२५ पासून एआयसीटीईची मान्यता लागते आणि राज्याची सीईटी सुरू झाली आहे. फी जास्त असते. फी किती, शिष्यवृत्तीत किती बसते, हे लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

तिसरे दार एम.बी.ए.चे, म्हणजे कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरचे दोन वर्षांचे शिक्षण. त्यात मार्केटिंग हा विशेष विषय घेता येतो. त्यासाठी राज्याची एमबीए सीईटी द्यावी लागते. पदवीला खुल्या वर्गाला ५० टक्के, तर महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवाराला ४५ टक्के गुणांची अट आहे. म्हणजे पदवीला कसेबसे पास होऊन भागणार नाही, हे पहिल्या वर्षीच ध्यानात घ्या.

आणि गोंदे, वाडीवऱ्हे, मुंढेगावच्या कारखान्यांत पाळीवर काम करणाऱ्या मुलांसाठी नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते याचसाठी स्थापन झाले, की ज्यांना रोज वर्गात बसता येत नाही त्यांनाही शिकता यावे. पुस्तके मराठीत मिळतात. नोकरी न सोडता बी.कॉम. करता येते.

कागद वेळेवर करा

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर ती मिळते. त्यापेक्षा जास्त असेल तर शिक्षण फी आणि परीक्षा फीच्या प्रतिपूर्तीची, म्हणजे फ्रीशिपची सोय आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो आणि तो दर वर्षी भरायचा असतो. पहिल्या वर्षी भरला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप चालू राहत नाही. बँक खाते आधारला जोडलेले नसेल तर पैसे अडकतात. घरापासून दूर शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याणच्या कार्यालयात विचाराव्यात.

जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या जुन्या नोंदी आताच शोधून ठेवा. एम.बी.ए.सारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातपडताळणी लागते. तिचा अर्ज प्रवेशाच्या तोंडावर करणारे पालक दर वर्षी रडकुंडीला येतात. तो आधीच करून ठेवावा.

बाजाराला जात नसते काय?

कोणी म्हणेल, बाजारात फक्त पैसा बघतात, जात कोण विचारतो? याचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. १९१७ साली परदेशातून परत आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहाराबाबत सल्ला देण्याची कचेरी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, सल्ला उत्तम. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि कचेरी बंद करावी लागली. पुढे १९१८ साली ते सिडनहॅम या व्यापारी शिक्षणाच्या कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२० साली 'मूकनायक' निघाले, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊ केले तरीसुद्धा त्याची जाहिरात छापायचे नाकारले. मार्केटिंगच्या भाषेत सांगायचे तर वस्तू चांगली होती, किंमत रास्त होती, पण ठिकाण आणि प्रसिद्धी या दोन वाटा जातीने अडवल्या होत्या.

हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले असे समजू नका. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा ठेवला. उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या मानाने दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांशच भरली. खाण्याच्या पदार्थांचे तर आपल्या भगिनींना रोजच माहीत आहे. बचत गटाचा मसाला उत्तम असतो, पण "कोणाच्या हातचा?" हा प्रश्न गावात अजून पुरता मेलेला नाही.

मग हे शिक्षण घ्यायचेच कशाला? माझे म्हणणे असे की त्यासाठीच घ्यायचे. १९५३ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले. आपल्या मुलांना व्यापार-उदीम कळला पाहिजे ही बाबासाहेबांच्या संस्थेची तेव्हापासूनची दृष्टी आहे. जो बाजार शिकलेला आहे त्याला अडलेल्या वाटेला वळसा घालता येतो. गावात मसाला घेत नाहीत? मग अन्नसुरक्षेचा परवाना काढा, नीट पॅकिंग करा, वजन आणि तारीख छापा आणि नाशिकच्या दुकानात, प्रदर्शनात, कारखान्याच्या कँटीनमध्ये माल पोचवा. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली ती याच विचाराने. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सरकारी खाती आणि कंपन्या यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी असे ठरले आहे. पण ही जागा आपोआप भरत नाही. निविदा वाचता आली पाहिजे, भाव लावता आला पाहिजे, माल वेळेवर पोचवता आला पाहिजे. नोकरीतल्या आरक्षणासाठी आपण जसे जागरूक असतो, तसे या चार टक्क्यांसाठीही असायला हवे. त्याला मार्केटिंग शिकलेली मुले-मुलीच लागतील.

'मार्केटिंगची नोकरी' नावाचा सापळा

आता एक इशारा. शहरात 'मार्केटिंगसाठी मुले-मुली पाहिजेत, अनुभवाची गरज नाही' अशा पाट्या दिसतात. मुलगा जातो. टाय बांधलेला माणूस मोठमोठ्या गोष्टी सांगतो. मग आधी काही हजार भरायला लावतात, वस्तूंचा एक संच गळ्यात घालतात आणि सांगतात की तू आणखी माणसे जोड, ती आणखी माणसे जोडतील. मुलगा प्रथम मामाला जोडतो, मग मावशीला, मग वस्तीतल्या मित्रांना. काही महिन्यांनी कचेरीला कुलूप लागते. पैसे जातात आणि नातीही तुटतात.

ही साखळी म्हणजे मार्केटिंग नव्हे. माणसे जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. ओळखायची खूण सोपी आहे. खरी नोकरी तुम्हाला पैसे देते, तुमच्याकडून घेत नाही. नेमणूकपत्र, ठरलेला पगार, कमिशनचा हिशेब हे लेखी मागा. देत नसतील तर परत फिरा. कोणी फसले असेल तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पोलीस ठाणे आहे, आणि आपले कार्यकर्ते आहेत.

खऱ्या नोकरीतही सुरुवातीला फिरावे लागते, महिन्याचे टार्गेट असते, ऊन-पाऊस असतो. ते लपवण्यात अर्थ नाही. पण दोन-तीन वर्षे बाजार पायाखाली घातलेल्या माणसाला पुढे एका भागाची, मग जिल्ह्याची जबाबदारी मिळू शकते. ज्यांना फिरणे जमत नाही त्यांच्यासाठी बाजार संशोधन, जाहिरात, खरेदी, मोबाईल आणि संगणकावरून होणारी विक्री अशी कामे आहेत.

मुलींना मागे ठेवू नका

पालक मुलींना मार्केटिंग घेऊ देत नाहीत, कारण 'फिरावे लागेल'. भाजीची पाटी घेऊन आपल्या आया-आज्या गावोगाव फिरल्याच की! त्यांनी भाव लावला, उधारी सांभाळली, गिऱ्हाईक धरून ठेवले. तेव्हा कोणी त्याला पदवी दिली नाही एवढेच. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून 'लिज्जत'चा पसारा उभा राहिला. आपल्या बचत गटांतही लाटणारे हात आहेत. हिशेब मांडणारी, लेबल तयार करणारी, दुकानदाराशी ठामपणे बोलणारी शिकलेली मुलगी मिळाली तर हाच गट वाढेल.

तेव्हा पालकांनो, मुलाला बी.कॉम.ला नुसते 'टाकू' नका. प्रवेशाच्या आधी एक काम करा. येत्या आठवडे बाजाराला मुलाला किंवा मुलीला हातात वही देऊन घेऊन जा. तांदूळ घ्या, टोमॅटो घ्या, कोंबडी घ्या, कोणतीही एक वस्तू निवडा. शेतकऱ्याला काय मिळाले, व्यापाऱ्याने काय दिले, हमाली किती, गाडीभाडे किती, दुकानात भाव काय, हे सगळे विचारून लिहायला सांगा. हे करताना मुलाचे डोळे चमकले, त्याने आपणहून आणखी चार प्रश्न विचारले, तर हा विषय त्याचा आहे असे समजा आणि निर्धास्तपणे प्रवेश घ्या. कंटाळून पळाला, तर दुसरा विषय शोधू. दोन्ही वेळा ती वही घेऊन संध्याकाळी माझ्याकडे या.

जय भीम.